आठवणीवाल्या बाई

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या साठी ओलांडलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाला "काल संध्याकाळी काय जेवलात?" असं विचारून त्याचं उत्तर कागदावर उतरवून घेतलेली साऱ्या दुनियेत एकच बाई झाली, आणि ती आमच्या पिंपळवंडीत, पोस्टाच्या अगदी समोर दोन खोल्या घेऊन राहत होती. तुम्ही म्हणाल, हा पोस्टमन, चार गावं हिंडलेला, एकाचं दहा करून सांगणार. पण बाईंच्या बाबतीत दहाचं एक करून सांगितलं तरी लोकांना खरं वाटत नाही. नव्वदचं दशक अर्धं सरलं असेल तेव्हा त्या पुण्याच्या एका संस्थेतून आल्या. म्हातारपणी माणसाची आठवण कशी ढळते, कुणाची ढळते आणि का ढळते, हा त्यांचा विषय. डिमेन्शिया हा शब्द मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. आमच्याकडे त्याला म्हातारचळ म्हणत. तो शब्द बाईंच्या कानावर पडला की त्या चालती लूना थांबवून, खाली उतरून, बोलणाऱ्याला भर रस्त्यात दहा मिनिटं समजावायच्या. आमच्या सरपंचांनी तो शब्द दोनदा उच्चारला, पुढे जन्मात नाही. डॉक्टर म्हणावं तर बाईंच्या पिशवीत ना सुई ना गोळी. गुडघे धरून आलेल्या म्हाताऱ्या निराश होऊन परत जायच्या. "ही कसली डाक्टरीण? औषिद न्हाई, पाणी न्हाई, नुसतीच इचारतीय," अशी त्यांची पहिल्या वर्षीची कीर्ती होती, आणि आठवणीवाल्या बाई हे नाव तेव्हाच पडलं.

जिचा विषय विसरणं ती बाई स्वतः विसरभोळी असेल, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत असेल, असं आपल्याला उगाच वाटतं. बाईंचं उलटं होतं. त्या काहीही विसरत नसत, आणि शेजारी म्हणून राहायला यासारखी कटकट नाही. तीन वर्षांपूर्वी मी कुठल्या भाजीला नावं ठेवली होती, आमच्या हिने कुठल्या लग्नात कुठली साडी नेसली होती, सारं त्यांना पाठ. दूधवाल्याने "काल म्हस आटली व्हती" म्हटलं की बाई शांतपणे म्हणायच्या, "गेल्या पोळ्यालाही आटली होती. त्याच्या आधी संक्रांतीला. तुमची म्हैस सण बघून आटते का?" तो बिचारा शेवटी दूध ठेवून आधी पळायला लागला. बाराही महिने त्यांच्या लूनाला एक काळी छत्री बांधलेली असे. ती पावसासाठी नव्हती. बांधावर भेटलेल्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर धरायला होती. स्वतः उन्हात उभ्या राहायच्या, त्याच्यावर सावली धरायच्या आणि डाव्या हाताने वही सांभाळत उजव्या हाताने लिहायच्या. तीन हात लागणारं हे काम त्या दोन हातांत कसं बसवत ते मी वर्षानुवर्षं पाहिलं, पण मला कळलं नाही. एसटीत बसल्या की कंडक्टरला तीन शब्द सांगायच्या, "विहीर, चाळण, मोर," आणि उतरताना परत विचारायच्या. नारायणगावच्या गाडीवरचे सगळे कंडक्टर बाई चढताना दिसल्या की आधीच पुटपुटायला लागत.

त्यांच्या कामात माझा शिरकाव झाला तो रविवारमुळे. मला त्या दिवशी सुट्टी, आणि गावोगावची वाट, वस्ती, कुत्रं आणि भांडण मला ठाऊक. पगार नाही, पण बाईंच्या हातची शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी मिळायची, आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्याबरोबर हिंडण्यात मोठेपणा वाटायचा. सुरुवातीला त्यांच्याकडे परदेशातून आलेली प्रश्नांची एक यादी होती. आज तारीख काय, आपण कितव्या मजल्यावर आहोत, शंभरातून सात वजा करत जा, असले प्रश्न. पहिल्याच म्हाताऱ्याने मजल्याच्या प्रश्नावर वर कौलांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पावणं, ह्या बाईला घर इकत घ्यायचंय का?" बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिथेच यादी फाडली. पुढचे सहा महिने त्या नुसत्या माणसांत बसल्या, आणि त्यातून त्यांची स्वतःची यादी तयार झाली. आज सोमवार, तर बाजार कुठला? बेल्ह्याचा. घात झाल्यावर, म्हणजे रान पेरणीजोगं झाल्यावर, आधी ढेकळं फोडायचा कुळव का आधी पेरायची पाभर? नारायणगावाहून आळेफाट्याला जाताना लागतात ती गावं आता उलटी सांगा. पुरुषांना त्या दोरी देऊन दाव्याची गाठ मारायला लावत, आणि ज्यांनी जन्मात पेन्सिल धरली नाही त्या बायांच्या हातात पेन्सिल देऊन, "रांगोळीत काढता तसं गोपद्म काढा" म्हणत. गाईच्या पावलाची ती दोन पाकळ्यांची खूण प्रत्येकीच्या बोटांत असतेच.

बाईंच्या हाताखाली पुण्याच्या दोन मुली होत्या, हुशार, पण त्यांना खेडं नवीन. डिंगोऱ्याला त्यांनी म्हाताऱ्या बायांचे कागद भरून आणले तेव्हा असं दिसलं की गावातल्या झाडून साऱ्या बाया आपल्या नवऱ्याचं नाव विसरल्या आहेत. मुली घाबरून गेल्या होत्या. एक तर रडवेली होऊन म्हणाली, "बाई, अख्ख्या गावाला झालंय." बाईंनी कागद बघितले आणि लालबुंद झाल्या. दुसऱ्या दिवशी मला घेऊन डिंगोऱ्याला गेल्या, ऐंशीच्या घरातल्या एका दंतहीन आजीपुढे मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, नाव घ्या." आजीने पदर सावरला, सुनेकडे एकदा बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "शिवनेरीच्या पायथ्याला पिकली बाजरी, सखारामाचं नाव घेते, पुण्याची पावणी शेजारी." मग काय, दारात जमलेल्या साऱ्याजणी सुरू झाल्या. एकीनं घेतलं म्हणून दुसरीनं, दुसरीचं लांब झालं म्हणून तिसरीनं त्याहून लांब. दुपारचा चहा होईपर्यंत बाई टाळ्या वाजवत होत्या. येताना मात्र मुलींना म्हणाल्या, "चूक प्रश्नाची होती. त्यांच्या डोक्याची नव्हती. गावाचे सगळे कागद फाडा, पुन्हा पहिल्यापासून." महिन्याचं काम होतं ते. मुलींनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जसं काही नवऱ्याचं नाव न घेण्याची पद्धत मीच पाडली होती.

हे सगळं लिहून झालं की बाई ते परदेशी मासिकांना पाठवायच्या. ते पाकीट माझ्या हातून जायचं आणि उत्तर माझ्या हातून यायचं. त्यामुळे बाईंच्या नशिबात काय वाढून ठेवलंय हे त्यांच्याआधी मला कळे. जाड पाकीट आलं की समजायचं, लेख साभार परत. मी ते बाकीच्या टपालाखाली घालून सगळ्यात शेवटी द्यायचो, आणि बाई म्हणायच्या, "भाऊ, तुमचा चेहराच जाड दिसतोय आज." असं चार-पाच वेळा झालं. एके दिवशी पातळ पाकीट आलं. मी बाकीचं टपाल तसंच टाकून रस्ता ओलांडला. बाईंनी उभ्याउभ्या वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "आठ ठिकाणी स्वल्पविराम बदला म्हणतात." एवढाच त्यांचा आनंद. पण त्या दिवशी त्यांनी पोस्टातल्या सगळ्यांना लाडू दिले, आणि लूनाला नवी छत्री आणली.

निबंधाचा सारांश असा होता की आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांची आठवण, आणि त्यातही बायांची, इतर ठिकाणांहून फार चांगली टिकून आहे. ही बातमी पुण्याच्या पेपरात आली आणि दोन्ही तालुके फुगले. कुणी म्हणे हा बाजरीचा गुण, कुणी म्हणे कुकडीच्या पाण्याचा. आंबेगावकरांनी घोडनदीचं नाव पुढे केलं आणि चावडीवर चांगली जुंपली. आमच्या सरपंचांना तर वेशीवर 'स्मरणशक्तीचे गाव' अशी पाटी लावायची होती; रंग आणायला पाठवलेला माणूस रंग आणायचा विसरला म्हणून ते राहून गेलं. बाईंना संस्थेकडून पत्र आलं. तेही मीच दिलं. त्यांच्या विभागाचं प्रमुखपद रिकामं होणार होतं आणि ते या निबंधाच्या जोरावर बाईंना मिळणार, हे जवळजवळ ठरल्यासारखं होतं. सगळे खूश होते. मी सोडून. कारण त्या निबंधात एक खोट होती आणि ती मला ठाऊक होती.

आता माझं पाप सांगतो. आमचं मूळ घर बोरी बुद्रुकच्या मळ्यातल्या वस्तीवर. तिथे माझा थोरला भाऊ शेती बघतो आणि आई त्याच्याकडे. बाईंच्या मुली बोरीला यायच्या दोन वर्षं आधीपासून आईचं बिनसलं होतं. चुलीवर रिकामं पातेलं ठेवायची. सकाळी उठून माहेरच्या वाटेला लागायची, आणि माहेरी कुणी उरलं नव्हतं. दादाला आमचे गेलेले वडील समजून बोलायची. दादाने तिला मागल्या खोलीत ठेवलं, आणि पाहुणे आले की दार ओढून घ्यायचा. त्याच सुमाराला माझ्या मुलीचं, वैशालीचं, डिंगोऱ्याला जमत आलं होतं. चांगलं घर, मुलगा कंपनीत; लग्न मात्र पोरीचं शिक्षण पुरं झाल्यावर, असं बोलणं होतं. आपल्याकडे लग्न जमवताना मुलीचं तोंड एकदा बघतात आणि घराणं दहा वेळा. आजी भ्रमिष्ट आहे असं एकदा पसरलं की "रक्तात हाय त्यांच्या" म्हणायला लोकांना वेळ लागत नाही. म्हणून बाईंच्या मुली वस्तीवर यायच्या त्या दिवशी आईच्या जागी आमच्या नानीला बसवायचं ठरलं. नानी म्हणजे माझी चुलती, पंचाहत्तरीतही सुईत दोरा ओवणारी. दादा नको म्हणत होता. कल्पना माझी होती.

नानीने बाजी मारली. सारे बाजार, सारी गावं उलटीसुलटी, तिन्ही शब्द आणि वर चौथा स्वतःचा. पण तिची ही हुशारी वस्तीवर पसरली आणि ज्याच्या त्याच्या घरी तिला बोलावणं आलं. कुणाकडे निवडणुकीला उभा राहणारा मुलगा, कुणाकडे लग्नाचा नातू, आणि प्रत्येक घरात मागली एक खोली. नानी लुगडं बदलायची, पदर कपाळापर्यंत ओढायची आणि मळ्यामळ्यातून मागल्या दाराने जाऊन बसायची. तिसऱ्या घरी एका मुलीला शंका आली. "आजी, तुम्हाला कुठंतरी पाहिलंय," ती म्हणाली. नानी म्हणाली, "आमी समद्या सारख्याच दिसतो गं बाय, उन्हानं." अशी पाच घरं झाली. नानीने हे मला पुढे कधीतरी अभिमानाने सांगितलं, आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

निबंध छापून आल्यावर तीन-चार महिन्यांनी एका सकाळी बाईंनी मला हाक मारली. ओट्यावर त्यांनी जुने कागद पसरले होते आणि उडू नयेत म्हणून प्रत्येकावर खडा ठेवला होता. दुसऱ्या निबंधासाठी गोपद्मं मोजत होत्या. त्यांनी पाच कागद वेगळे काढून माझ्यापुढे ठेवले. पाचही पावलांना डाव्या पाकळीच्या टोकाला एक इवलीशी वळलेली शेपटी होती. नानी डावखुरी. तिच्या अंगणात दर चातुर्मासात ती शेपटी मी लहानपणापासून बघतोय. बाई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पत्ता न वाचता नुसत्या अक्षरावरून पाकीट कुणाचं ते ओळखता. सांगा, हे पाच हात आहेत का एकच?" मी बराच वेळ बघायचं नाटक केलं. मग म्हणालो, "रांगोळी सगळ्यांची सारखीच असते बाई." त्यांनी माझ्याकडे बघितलं, कागद गोळा केले आणि "बरं" म्हणाल्या. ज्या माणसाने बाईंच्या हातची भाकरी वर्षानुवर्षं खाल्ली त्याने त्यांच्या तोंडावर धडधडीत खोटं सांगितलं. मला माझीच लाज वाटली. तीन दिवस मी त्यांचं टपाल दाराच्या फटीतून सरकवून पळत होतो.

चौथ्या दिवशी पोस्टमास्तर रजेवर होते आणि खिडकीवर मी. बाईंनी एक पाकीट आत सरकवलं. परदेशी पत्ता, रजिस्टर. मी वजन करताना विचारलं, "नवा लेख का?" त्या म्हणाल्या, "नाही. जुना मागे घेते." मी काट्यावरून पाकीट उचललंच नाही. "पाच कागदांचं उत्तर माझ्याकडे नाही," बाई म्हणाल्या. "ज्याचं उत्तर नाही ते माझ्या नावावर छापलेलं राहू द्यायचं नाही." मी म्हटलं, "आणि ते प्रमुखपद?" "ते जाईल," त्या म्हणाल्या, जसं काही पुढची एसटी जाईल. मग मात्र मला राहवलं नाही. मी त्या पाकिटावर हात ठेवून सगळं सांगितलं. आई, वैशाली, नानी, पाच लुगडी, पाच घरं, आणि कल्पना माझीच होती हेही. खिडकीपाशी मागे दोघंतिघं उभे होते, त्यांनीही ऐकलं असणार. मला वाटलं, आता बाई आपल्या शांत आवाजात माझी सालटी काढणार. त्यांनी पाकीट परत घेतलं आणि एवढंच विचारलं, "आईंना कधी भेटायचं?"

बाई वस्तीवर जाणार म्हणजे गोष्ट उघडी होणार, आणि ती डिंगोऱ्याला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपणच जाऊन सांगावी, असं माझ्या बायकोचं म्हणणं पडलं. वैशाली म्हणाली, "आजीला लपवून मला तिकडं नांदायचं नाही." पोरीने एका वाक्यात बापाला गप्प केलं. त्याच गुरुवारी मी डिंगोऱ्याला गेलो, सोप्यात बसलो, पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि प्यायच्या आधीच बोलून टाकलं. "माझी आई बरी नाही. आठवण गेलीय तिची. तुमच्यापासून लपवलं." मुलाच्या वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मुलाची आई दाराआड उभी होती ती पुढे आली. मला वाटलं, संपलं. ती नवऱ्याला म्हणाली, "आता तुमी पन सांगा की. का मीच सांगू?" आणि तीच म्हणाली, "पावणं, आमचं मामंजी बी तसंच हायेत. चार वरसं झाली. तुमी आमचं घर बघाय आलता, त्या दिशी त्यान्ला भावकीत ठिवलं व्हतं. त्या आठवणीवाल्या बाईच्या पोरी आल्या तवा बी शेजारचं तात्या बसवलं. आमाला वाटलं, तुमी मोडचाल." मग तिने मागलं दार उघडून मला त्या म्हाताऱ्याच्या पायाशी नेलं. त्यांनी मला कुणी जुना बैलांचा व्यापारी समजून चांगलं अर्धा तास घासाघीस केली. मी दोन्ही बैल घेऊन टाकले आणि लग्नाची तारीख पक्की करून आलो.

हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या ओट्यावर बसून आधी खूप हसल्या, आणि मग बोटांवर गावं मोजायला लागल्या. बोरीत झालं, डिंगोऱ्यात झालं, म्हणजे सगळीकडेच झालं असणार. त्यांनी ते जुनं पत्र फाडलं आणि नवं लिहिलं. लेख मागे घेतलाच, पण नुसता मागे घेतला नाही. आपली मोजणी कशी फसली, लोकांनी काय केलं, का केलं, आणि आपल्याला ते सुचलं कसं नाही, ते सारं त्यात होतं. ते पाकीट माझ्या पोस्टातून गेलेलं सगळ्यात जड रजिस्टर. प्रमुखपद दुसऱ्या कुणाला मिळालं. "बरं झालं," बाई म्हणाल्या, "तिथली खुर्ची फिरती आहे, मला गरगरतं." त्यांना वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. आठवडाभर लूना दारातच होती. पण पुढच्या सोमवारी त्या हातात नवी यादी घेऊन उभ्या. सगळे प्रश्न तेच, फक्त सगळ्यांच्या शेवटी एक नवा होता: "आणि आत कोण आहे?" तो त्या मुलींना विचारू देत नसत. स्वतः विचारायच्या, चहा पिऊन झाल्यावर, निघता निघता, चप्पल घालताना. पहिल्यांदा लोक "कोन न्हाई" म्हणत. तेव्हा मी म्हणायचो, "माझ्या घरी आई हाय, तशीच." मग एकेक दार उघडायचं. दोन वर्षं आम्ही अशी दारं उघडत हिंडलो. एका घरात तर सुनेने दार उघडलं आणि तिथेच बसून पोटभर रडून घेतलं. इतकी वर्षं तिला कुणी विचारलंच नव्हतं. त्यातून बाईंचा दुसरा निबंध झाला. तो पेपरात आला नाही. त्यात आमच्या पाण्याची स्तुती नव्हती. पण त्याच्यावरून लांबलांबच्या देशांतल्या माणसांची पत्रं बाईंना येत राहिली, आणि त्यावरची तिकिटं मी जपून ठेवलीत.

आईचं सांगायचं राहिलं. ते मुद्दामच मागे ठेवलं होतं. मी बाईंना वस्तीवर घेऊन गेलो तो कामाचा दिवस होता, टपाल वाटून तसाच खाकी कपड्यांत गेलो होतो. दादाने दार उघडलं. आई भिंतीला टेकून बसली होती. बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि त्यांनी विचारलं, "आजी, काल काय जेवलात?" आई म्हणाली, "तू जेवलीस का? वाळलीस किती." बाईंनी ते लिहून घेतलं. बाजार विचारला, गावं विचारली, आईने काहीबाही सांगितलं. मग माझ्याकडे बोट करून विचारलं, "हे कोण?" आईने मला टोपीपासून चपलेपर्यंत निरखलं. "पोस्टमन हाय," ती म्हणाली, आणि मग मला, "आमच्या धाकट्याचं काय पत्र आणलंस का रं?" मी बाईंना म्हटलं, "लिहा, चुकलं." बाई म्हणाल्या, "तुम्ही पोस्टमन नाही का?" "आहे." "मग बरोबर आहे," आणि त्यांनी पूर्ण मार्क दिले. बाहेर येऊन मी विहिरीच्या कडेला उभा राहून रडलो. लूना सुरू करताना बाई म्हणाल्या, "आपल्याला धाकटा मुलगा आहे आणि त्याचं पत्र यायचंय, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पुढच्या वेळी रिकाम्या हाताने येऊ नका."

तेव्हापासून दर शनिवारी मी आईला एक कार्ड लिहू लागलो आणि दर रविवारी, सुट्टी असूनही खाकी चढवून, ते वाचून दाखवायला बोरीला जाऊ लागलो. बायको आधी हसली, मग शर्टाला इस्त्री करून ठेवायला लागली. तीर्थरूप आईस, शिरसाष्टांग नमस्कार. वैशाली सुखात आहे. तिला मुलगी झाली. कांदा बरा निघाला. आई कान देऊन ऐकायची, कार्ड माझ्या हातून घेऊन उशीखाली घालायची आणि पोस्टमनला पाणी दे म्हणून वहिनीला सांगायची. बाईही पुष्कळदा बरोबर असायच्या. शेवटच्या उन्हाळ्यात एकदा कार्ड वाचून झालं तरी आईने ते घेतलं नाही. म्हणाली, "लेकरू गुणाचं हाय माझं. पर नुसती पत्रंच धाडतंय. येत का न्हाई?" मी बाईंकडे बघितलं. बाईंनी मान खाली घातली. मी म्हणालो, "येनार हाय, आजी. निघालाय." आई माझ्या बाहीला धरून म्हणाली, "त्याला सांग, उन्हाचं येऊ नको म्हनावं. सायकल हाय त्याची. लई लांब पडतं." मी सांगतो म्हणालो.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आई गेली, आणि दिवाळीनंतर बाईंनी दोन खोल्या सोडल्या. त्यांच्या ओट्यावर आता मोबाइलचं दुकान आहे. मीही रिटायर झालो. आठवड्याचे सहा दिवस कसेही जातात, पण रविवारी दहा वाजले की मी उगाच आत-बाहेर करत राहतो, आणि बायको चहा टाकते.